कॉलेज गोल्फचा मे महिना: एका संघाचा पोस्टसीझन शेवटपर्यंत कसा पाहावा

अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं नाव निघालं की आपल्याकडे बास्केटबॉल किंवा त्यांचं फुटबॉल आठवतं. गोल्फ फारसं कुणी पाहत नाही. मला मात्र मे महिन्यातला कॉलेज गोल्फ हा संपूर्ण गोल्फमधला सगळ्यात थरारक भाग वाटतो. कारण साधं आहे: एरवी एकट्यानं खेळायचा हा खेळ इथे पाच जण मिळून खेळतात, आणि निकाल बऱ्याचदा नाव नसलेल्या खेळाडूच्या हातात असतो. अडचण एकच. पोस्टसीझनची, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या स्पर्धांची, रचना पहिल्यांदा पाहणाऱ्याला गोंधळात टाकते. ती उलगडत एका संघाबरोबर एप्रिलपासून मेअखेरपर्यंत कसं राहायचं, ते इथे सांगतो.

आधी संघ निवडा, तोही एकच

सगळ्यांवर लक्ष ठेवायला गेलात तर कुणाचंच नीट पाहून होत नाही. तुमच्या घरातलं कुणी ज्या विद्यापीठात शिकतंय ते घ्या, किंवा इतिहास आवडतो म्हणून घ्या. मी उदाहरणासाठी ओक्लाहोमा स्टेटचा पुरुष संघ घेतो. 2025 सालचं त्यांचं राष्ट्रीय विजेतेपद बारावं होतं. नॉर्वेचा व्यावसायिक गोल्फर व्हिक्टर हॉवलंड याच संघातून पुढे आला. दुबईत वाढलेला आणि हौशी गोल्फमध्ये भारताकडून खेळलेला रेहान थॉमसही इथेच शिकला. भारतीय धागा हवा असेल तर पेपरडाईन विद्यापीठही आहे. भारतीय वंशाचा साहित थीगाला तिथला. 2020 मध्ये त्याला कॉलेज गोल्फमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा हॅस्किन्स पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, तो बाहेर पडल्यावर, पेपरडाईननं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं.

महिलांचा संघ निवडायचा असेल तर अवश्य निवडा. रचना जवळपास तीच आहे, आणि स्टॅनफर्डच्या रोझ झँगनं 2022 आणि 2023 अशी सलग दोन वर्षं वैयक्तिक विजेतेपद जिंकल्यापासून महिला कॉलेज गोल्फकडे लोकांचं लक्ष खूप वाढलं आहे. तिच्याआधी हे विजेतेपद दोनदा कुणाही महिला खेळाडूनं जिंकलं नव्हतं.

गुणांचा हिशेब पक्का करा

ही पायरी वगळू नका, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. संघात पाच जण खेळतात आणि प्रत्येक फेरीत त्यातल्या सर्वोत्तम चौघांचे फटके मोजले जातात. पाचव्याचा आकडा त्या दिवसापुरता बाद. पार म्हणजे चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके, आणि जितके कमी फटके तितका चांगला खेळ. समजा 72 पारच्या मैदानावर पाच जणांनी 68, 71, 72, 74 आणि 79 असे फटके घेतले. 79 गळाला, संघाचे झाले 285, म्हणजे पारपेक्षा तीन कमी. आता याच संघात 74 वाल्याचे 78 झाले, तर बेरीज 289 होते आणि संघ पारच्या एकनं वर जातो. 68 मारणाऱ्या हिरोनं दिवसभर कितीही कमाल केली असली, तरी संघाची जागा ठरली ती चौथ्याच्या शेवटच्या काही होल्सवर.

म्हणून माझा आग्रह आहे: स्टार खेळाडूचं नाव पाठ करा, पण नजर चौथ्या आणि पाचव्यावर ठेवा. स्टार बहुतेक वेळा आपलं काम करतोच. पोस्टसीझनमध्ये संघ तरतो किंवा बुडतो तो खालच्या दोघांमुळे. फेऱ्यांच्या मधे राखीव खेळाडू आत घ्यायची मुभाही आता आहे. त्यामुळे प्रशिक्षक कुणाला बसवतो, कुणाला पुन्हा संधी देतो, हे पाहण्यातही गंमत असते.

एप्रिलअखेर: कॉन्फरन्सची स्पर्धा

कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. प्रत्येक कॉन्फरन्सची स्वतःची स्पर्धा होते. ओक्लाहोमा स्टेट बिग ट्वेल्व्हमध्ये आहे. कॉन्फरन्स जिंकणाऱ्या संघाला पुढे थेट प्रवेश मिळतो. बाकीच्या जागा निवड समिती हंगामभराच्या कामगिरीवर भरते, आणि त्यासाठी इतर संघांविरुद्धची जय-पराजयाची नोंद निदान बरोबरीची असावी लागते. मोठ्या संघासाठी ही स्पर्धा मानाची असते. छोट्या कॉन्फरन्समधल्या संघासाठी मात्र पुढे जायची ती बहुधा एकमेव वाट असते. वेळ असेल तर अशाच एखाद्या छोट्या कॉन्फरन्सची शेवटची फेरी पाहा.

मे: प्रादेशिक फेरी

मेच्या सुरुवातीला निवड जाहीर होते. पुरुषांचे 81 संघ सहा ठिकाणी वाटले जातात, काही ठिकाणी 13 तर काही ठिकाणी 14. महिलांचे 72 संघ, सहा ठिकाणी प्रत्येकी 12. तीन दिवस, 54 होल्स. प्रत्येक ठिकाणाहून पहिले पाच संघ पुढे जातात. शिवाय पुढे गेलेल्या संघांबाहेरचा सर्वोत्तम एक खेळाडू एकट्यानं राष्ट्रीय स्पर्धेला जातो.

यादी जाहीर झाली की आपला संघ कुठे पाठवला आहे ते बघा आणि त्या मैदानाची माहिती वाचा. यजमान संघ पात्र ठरला असेल तर तो घरच्या मैदानावर खेळतो आणि त्याचा फायदा मोठा असतो. मग तिसऱ्या दिवशी फक्त पाचव्या जागेकडे पाहा. वरच्या दोन-तीन संघांना दुपारपर्यंत काळजी नसते. चौथ्यापासून सातव्यापर्यंतचे संघ एकेका फटक्यानं वरखाली होतात, आणि बरोबरी झाली तर पाचही खेळाडूंना प्लेऑफसाठी पुन्हा मैदानात उतरावं लागतं. तासभर आधी घामाघूम होऊन स्कोअरकार्डवर सही केलेली मुलं पुन्हा टीवर, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याच्या जागी, उभी राहतात, हे दृश्य चुकवू नये.

हवामानावरही लक्ष ठेवा. 2021 मध्ये लुईझियानातल्या बॅटन रूज इथे महिलांची प्रादेशिक फेरी पावसात अशी अडकली की तीन दिवसांत स्पर्धेचा एकही फटका मारला गेला नाही. शेवटी मानांकनात वरचे सहा संघ पुढे धाडले आणि बाकीच्या मुलींचा हंगाम मैदानात न उतरताच संपला. त्या निर्णयावर फार संताप उसळला, आणि तो रास्त होता. पुढे गेलेल्या त्या सहांमध्ये ओल मिस होतं आणि त्याच महिन्यात ते राष्ट्रीय विजेते झाले. प्रादेशिक फेरीतून वाचणं म्हणजे काय, हे यावरून कळतं.

लाइव्ह स्कोअर वाचायला शिका

कॉलेज गोल्फचे अधिकृत लाइव्ह स्कोअर आणि क्रमवारी 2023 पासून क्लिप्ड या कंपनीच्या स्कोअरबोर्डवर असतात. ते उघडलं की आधी संघाचा क्रमांक पाहू नका, किती होल्स खेळून झाले ते पाहा. काही संघ सकाळी निघतात, काही दुपारी. काही पहिल्या होलवरून, काही दहाव्यावरून. सकाळच्या शांत हवेत खेळून घरी गेलेला संघ वर दिसतो आणि दुपारच्या वाऱ्यात अजून नऊ होल्स बाकी असलेला खाली. खरा क्रम संध्याकाळशिवाय कळत नाही. दुसरं, आकडे सारखे उलटसुलट होतात, कारण गळणारा पाचवा कोण हे दर होलला बदलू शकतं. एखाद्याची दुहेरी बोगी (होलच्या पारपेक्षा दोन फटके जास्त) पडूनही संघाचा आकडा हलला नाही तर गोंधळू नका, त्याचा स्कोअर त्या क्षणी मोजलाच जात नसतो.

भारतातून पाहणाऱ्यांसाठी घड्याळाचा हिशेब सोपा आहे. मे महिन्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. तिथले सकाळचे सात म्हणजे इथले संध्याकाळचे साडेसात. सकाळच्या फेऱ्या जेवणाच्या वेळेला रंगतात, दुपारच्या फेऱ्यांसाठी मात्र जागरण करावं लागतं. प्रादेशिक फेरी ओक्लाहोमाच्या बाजूला असेल तर फरक साडेदहा तासांवर येतो.

राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले चार दिवस

2024 पासून ही स्पर्धा कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडला, ओम्नी ला कोस्टाच्या नॉर्थ कोर्सवर होते. गिल हान्सनं या मैदानाची फेररचना केली आहे. आधी महिला, मग पुढच्या शुक्रवारपासून पुरुष, एकाच मैदानावर. महिलांचा आठवडा पाहिलात तर मैदानाची ओळख होते आणि पुरुषांचे दिवस दुप्पट कळतात.

30 संघ आणि सहा एकटे, मिळून 156 खेळाडू. शुक्रवार ते रविवार तीन फेऱ्या झाल्या की 15 संघ राहतात, आणि त्या संघांबाहेरचे नऊ जण वैयक्तिक विजेतेपदासाठी. सोमवारी चौथी फेरी. त्या संध्याकाळी वैयक्तिक विजेता ठरतो आणि संघांपैकी पहिले आठ पुढे जातात. 2024 मध्ये जॉर्जिया टेककडून खेळणारा सिंगापूरचा हिरोशी ताई असा विजेता झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये हौशी खेळाडू म्हणून मास्टर्स ही व्यावसायिक गोल्फमधली मोठी मानाची स्पर्धा खेळला. पुरुषांच्या वैयक्तिक विजेत्याला हौशी राहिल्यास मास्टर्सचं आमंत्रण मिळतं, हे लक्षात घेतलं की चेंडू होलमध्ये ढकलणाऱ्या त्या शेवटच्या फटक्याचं, पटचं, वजन समजतं.

तरीही सोमवारी माझी नजर आठव्या आणि नवव्या संघावरच असते. विजेता कुणीतरी होणारच. नवव्या संघाचं वर्ष मात्र कदाचित एका फटक्यानं संपतं.

मंगळवार-बुधवार: सगळं पुन्हा शून्यापासून

इथे नवखा प्रेक्षक हमखास चकतो. चार दिवसांत मिळवलेली आघाडी पुसली जाते. आठ संघ, मॅच प्ले, बाद फेरी. मंगळवारी सकाळी उपांत्यपूर्व, दुपारी उपांत्य, बुधवारी अंतिम. प्रत्येक लढतीत पाच जण पाच जणांविरुद्ध, प्रत्येक सामन्याचा एक गुण, तीन गुण मिळाले की संघ जिंकला. इथे एकूण फटके मोजत नाहीत, होल कुणी जिंकलं एवढंच पाहतात. स्कोअरबोर्डवर ‘3 आणि 2’ दिसलं तर दोन होल्स बाकी असताना तीनची आघाडी, सामना तिथेच संपला. ‘1 अप’ म्हणजे सामना शेवटच्या होलपर्यंत गेला.

पुरुषांत ही पद्धत 2009 पासून आहे, महिलांत 2015 पासून. ती न्याय्य आहे का, यावर वाद चालतो. ओक्लाहोमा स्टेटचाच इतिहास घ्या. 2010 मध्ये अंतिम लढतीत ते ऑगस्टा स्टेट या छोट्या कॉलेजकडून हरले. 2018 मध्ये स्टिलवॉटरच्या त्यांच्या स्वतःच्या कार्स्टन क्रीक मैदानावर अलाबामाला 5-0 असं हरवून जिंकले. 2019 मध्ये हॉवलंड आणि वैयक्तिक विजेता मॅथ्यू वुल्फ दोघंही संघात, स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजणाऱ्या पहिल्या चार दिवसांत, दुसऱ्या संघावर तीसहून जास्त फटक्यांची आघाडी, आणि उपांत्य लढतीत टेक्ससकडून 3-2 पराभव. चार दिवसांची कसोटी डावानं जिंकून मग सुपर ओव्हरमध्ये करंडक गमवावा, तसं झालं. 2025 मध्ये महिलांत स्टॅनफर्ड स्ट्रोक प्लेमध्ये पहिलं आलं, अंतिम लढतीत नॉर्थवेस्टर्ननं त्यांना 3-2 असं हरवून आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. माझं मत या पद्धतीच्या बाजूनं आहे. वैयक्तिक विजेता चार दिवसांच्या खेळावर ठरतो, तो हक्क कुणी काढून घेत नाही. संघाचा विजेता दडपणाखाली पाच जणांनी एकत्र ठरवावा, हे मला पटतं.

मॅच प्ले पाहताना पाचही सामने एका नजरेत ठेवा. दोन-दोन झाले की उरलेल्या एका सामन्यावर सगळं येतं. सहकारी, प्रशिक्षक, आधी हरलेलेही त्या होलकडे चालत येतात. तो उरलेला सामना क्वचितच पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा असतो.

मैदानावर जाणार असाल तर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सहज जमेल. प्रादेशिक फेरीला गर्दी कमी असते आणि बऱ्याच ठिकाणी दोरखंडही नसतात, त्यामुळे खेळाडूंच्या बरोबरीनं चालता येतं. एकाच गटामागे अठरा होल्स चालू नका. बहुतेक वेळा संघाचे पाच जण एकामागून एक निघतात. मधल्या एखाद्या पार-तीनच्या होलवर बसलात तर पाचही जण समोरून जातात. मुलं आपली बॅग स्वतः वाहतात किंवा ढकलगाडीवर नेतात. प्रशिक्षकाला खेळाडूशी बोलायची परवानगी असते, म्हणून त्यांच्या जवळपास राहा. क्लब निवडताना चाललेली चर्चा ऐकायला मिळते. पाणी, टोपी आणि चांगले बूट न्या.

स्पर्धा संपल्यावर

शेवटच्या वर्षाच्या मुलांची पीजीए टूर युनिव्हर्सिटीची यादी, म्हणजे पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक मालिकेची कॉलेज खेळाडूंची क्रमवारी, पाहायला विसरू नका. त्यात पहिला आलेल्याला थेट पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळतं. 2023 मध्ये टेक्सस टेकचा लुडविग ओबर्ग असा आला. मग आपल्या संघातून कोण बाहेर पडतंय, कोण दुसऱ्या विद्यापीठात बदली घेतंय, हे उन्हाळ्यात कळत राहतं. सप्टेंबरात नवा हंगाम सुरू होतो. पहिल्याच स्पर्धेला संघाचं पान उघडा आणि गेल्या मेमध्ये चौथ्या क्रमांकावर खेळणारा मुलगा आता कुठल्या जागेवर आहे, ते आधी बघा.