बोटीला थेट वॅक्स की आधी पॉलिश? काळं फडकं सांगेल

फायबरची बोट निस्तेज दिसली की आपण सरळ वॅक्सचा डबा उघडतो, आणि थोड्याच दिवसांत चमक पुन्हा गायब. वॅक्स पृष्ठभाग झाकतं, उन्हाने मेलेला थर काढत नाही. म्हणून आधी हे करा:

१. बोट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा.
२. काळं सुती फडकं जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थरावर, जोर लावून घासा.
३. फडकं स्वच्छ राहिलं तर थेट वॅक्स. थोडी पांढरी भुकटी आली तर आधी पॉलिश, मग वॅक्स. खडूसारखी भरपूर आली तर रबिंग कंपाउंड (पॉलिशपेक्षा खरखरीत, मेलेला थर घासून काढणारी पेस्ट), पॉलिश आणि शेवटी वॅक्स.

शंका असेल तर हातभर जागेत आधी पॉलिशच करून पाहा. तेवढ्याने चमक आली तर कंपाउंडला हात लावू नका. ते दर वेळी जेलकोट थोडा खातं आणि गेलेला थर परत येत नाही. काम सावलीत करा, उन्हात वॅक्स भराभर वाळतं आणि पुसताना हात भरून येतात.

बोटीला जेलकोटऐवजी रंग असेल तर कंपाउंड नकोच. आणि चालायच्या डेकवर वॅक्स कधीही लावू नका, ओल्या पायाने माणूस घसरतो.