मिठीकाठी राहता? पावसाबरोबर भरतीचं वेळापत्रकही बघा

मुंबईत पुराचा अंदाज नुसत्या पावसावरून येत नाही. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून निघते आणि जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. खाडीत भरती चढलेली असली की नदीला पुढे वाट उरत नाही आणि पाणी कुर्ला, साकीनाका भागात मागे तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरतीही होती.

म्हणून पावसाळ्यात रोज दोन गोष्टी बघा: हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ व उंची. मोठ्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. ४.५ मीटरहून मोठी भरती असेल तर तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास धोक्याचे धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती साधारण दुपारी बारा-एकला येते आणि पुढे रोज सुमारे ५० मिनिटांनी उशिरा. बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती असते, रात्रीची विसरू नका.

पावसाचा दिवसभराचा आकडा फसवा असतो. शहरातली जुनी पर्जन्यवाहिन्यांची रचना तासाला २५ मिमी पाऊस वाहून नेईल अशी होती, तीही ओहोटीत. पुढच्या कामांत ही क्षमता ५० मिमी धरली गेली. त्यामुळे १०० मिमी पाऊस दिवसभर रिपरिपत पडला तर निभतं, तोच दोन तासांत कोसळला तर रस्त्यावर पाणी येणारच. विहार भरून वाहू लागला असेल, तर डोंगरातलं पाणी तलावात न थांबता नदीत उतरतं हेही ध्यानात ठेवा.

नदीच्या भिंतीवर ठळक खूण करा आणि पाऊस जोरात असताना दर १५ मिनिटांनी पाणी किती चढलं ते दुरून पाहा. भरतीला दोन तास असताना पाणी चढत असेल तर पालिकेच्या माणसांची वाट न पाहता निघा, उजेड असतानाच. म्हातारी माणसं आणि मुलं आधी. शिधापत्रिका, आधार, बँकेची कागदपत्रं दुहेरी प्लास्टिकमध्ये. तीन दिवसांची औषधं, टॉर्च, पॉवर बँक. पोटमाळ्यावर चढून बसू नका: पाणी वर आलं तर तिथून बाहेर पडायला वाटच नसते. मदतीसाठी महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

निघताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करा. मात्र पाय पाण्यात असतील किंवा मीटरची पेटी बुडाली असेल, तर स्विचला हात लावू नका. सोसायटीत लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवा.

वाहतं पाणी घोट्याच्या वर गेलं तरी पाय उचलला जातो. चालावंच लागलं तर हातात काठी घ्या आणि आधी काठी टेकवून मगच पाऊल टाका. पाणी लवकर उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण काढणं हा जीवघेणा प्रकार आहे, कारण गढूळ पाण्यात ते तोंड दिसत नाही. २०१७ च्या ऑगस्टमधल्या पावसात प्रभादेवी भागात एका नामवंत डॉक्टरांचा जीव असाच गेला. मोटार साधारण फूटभर पाण्यात तरंगू लागते, आणि बाहेर पाणी चढलं की दाबामुळे दार उघडत नाही. २००५ मध्ये बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली. इंजिन बंद पडलं की लगेच काच खाली घ्या आणि गाडी सोडा.

पाण्यातून चालून आलात तर साबणाने पाय धुवा. पायाला जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे त्यांनीच ठरवायचं. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांसाठी औषध वेगळं असतं.

सोसायटीची जमिनीखालची टाकी मात्र बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. पुराचं पाणी झाकणातून आत शिरलं की पाणी स्वच्छ दिसूनही मैल्याने दूषित असतं. पंप लावू नका, नाहीतर गच्चीवरची टाकीही बिघडते. टाकी पूर्ण उपसा, घासा, भरा आणि दर १००० लिटरमागे १५० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी ओता. बारा तासांनी ते पाणी टाकून द्या, टाकी पुन्हा भरा. या वेळी १००० लिटरला २.५ ग्रॅम पुरे, आणि तासाभराने वापरा. पाण्याची तपासणी होईपर्यंत पिण्याचं पाणी उकळूनच घ्या.