तिसऱ्या आठवड्यात पळणं सोडू नका: नव्या रनर्सनो, या चुका टाळा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पहाटे सहाला पुण्यातल्या तळजाई टेकडीवर या, गाडी लावायला जागा मिळणार नाही. नवे कोरे शूज, हातात नवी घड्याळं, सगळे दणादण पळतायत, आणि फेब्रुवारी निम्मा सरला की परत तेच नेहमीचे चेहरे, वॉकवाले काका-काकू आणि आम्ही थोडे पळणारे. दरवर्षी हे बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण सोडून गेलेल्यांतल्या बहुतेकांना पळणं छान जमलं असतं, फक्त सुरुवातीचे तीन महिने कसे जातात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मलाही नव्हतं सांगितलं. मी पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखते म्हणून सोडलं ते थेट दीड वर्षानं परत शूज घातले. ते दीड वर्ष वाया गेलं याची हळहळ आहे म्हणून हे लिहितोय.

फार जोरात पळणं

सगळ्यात मोठी चूक हीच, बाकीच्या निम्म्या चुका हिच्या पोटातून येतात.

पहिल्या दिवशी आपण कसे पळतो? शाळेत शंभर मीटरच्या शर्यतीत पळायचो तसे, कारण पळणं म्हणजे डोक्यात तेच असतं. मग दोनशे मीटरवर श्वास फुलतो, बरगडीखाली कळ येते, पाय शिशाचे होतात आणि घरी येऊन सांगतो की माझ्यात स्टॅमिनाच नाही. अहो, तुमचा स्टॅमिना अजून तपासलाच गेला नाहीये, फक्त वेग चुकलाय.

पळता पळता बाराचा पाढा मोठ्यानं म्हणून बघा. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस, असं तीन-चार पायऱ्या एका श्वासात गेल्या तर वेग बरोबर आहे. प्रत्येक पायरीला थांबून श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा, आणि कमी करून करून चालण्याएवढा झाला तर सरळ चाला, दोन मिनिटांनी परत पळा. चालणं म्हणजे हरणं हे डोक्यातून काढून टाका. काउच टू 5 के (म्हणजे 5 किलोमीटर) नावाचा जो नऊ आठवड्यांचा प्लॅन जगभर लोक वापरतात त्याचा पहिला आठवडाच असा आहे, 60 सेकंद पळायचं, 90 सेकंद चालायचं, असं 20 मिनिटं, आणि तेही आठवड्यातून तीनच दिवस. एका किलोमीटरला आठ-नऊ मिनिटं लागली तरी ते पळणंच आहे. भरभर चालणारे एखादे काका तुम्हाला मागे टाकून जातील, जाऊ देत, ते कित्येक वर्षं रोज येतायत.

दम टिकला म्हणजे पायही तयार झाले असं समजणं

मी यातच फसलो होतो. हृदय आणि फुप्फुसं लवकर शिकतात, दोन-तीन आठवड्यांत जाणवतं की अरे, परवापर्यंत जिथे थांबायचो तिथून आज पुढे गेलो. हाडं आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे ते दोर, म्हणजे टेंडन, त्यांना मात्र काही महिने लागतात. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि हा भार सोसायला हाड आधी थोडं झिजतं आणि मग नव्यानं भरून घट्ट होतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम म्हणतो चल अजून दोन किलोमीटर, आणि नेमकं तेव्हाच पाय अजून कच्चे असतात. उत्साह सगळ्यात जास्त आणि पाय सगळ्यात नाजूक, असा तो काळ.

नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर ठसठस असेल तर बहुतेक वेळा ते ताणामुळे असतं. पळणं आठवडाभर बंद करा, दुखत नसेल तेवढं चाला, बर्फ लावला तर बरं वाटतं, आणि परत सुरू कराल तेव्हा आधीच्या निम्म्यावर या. घरी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा, दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोनदा, पोटऱ्या मजबूत होतात आणि नडगीवरचा ताण उतरतो. पण एक बोट ठेवून 'बरोब्बर इथेच' असं दाखवता येत असेल, दाबल्यावर कळ डोक्यात जात असेल किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर अंगावर काढू नका, हाडाला बारीक तडा असू शकतो, ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे. चाळिशीपुढे असाल, शुगर किंवा बीपी असेल तर सुरू करण्याआधीच एकदा तपासून घ्या.

शूजबद्दल एवढंच की कॉलेजातले किंवा बॅडमिंटनचे जुने नकोत, रनिंगचेच घ्या, दुकानात दहा पावलं पळून बघून घ्या, महागच हवेत असं काही नाही.

प्लॅन एखाद्या दिवशी जमला नाही की सगळंच सोडणं

त्याच नऊ आठवड्यांच्या प्लॅनमध्ये पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम 20 मिनिटं न थांबता पळायचं असतं, आदल्या वेळी मध्ये चालत दोनदा 8 मिनिटं पळलेलो असतो. इथे खूप जण घाबरतात, काही जण तो दिवस टाळत टाळत प्लॅनच सोडतात. नाही जमलं तर तोच आठवडा परत करा की, तिसऱ्यांदा करा. नऊचे चौदा आठवडे झाले म्हणून कोणी परीक्षेत नापास करत नाही. बहुतेक वेळा तो दिवस फक्त वेग अजून कमी केल्यामुळे पार पडतो.

दुसऱ्याच्या ॲपमध्ये बघून झुरणं

ग्रुपवर कोणीतरी रोज 10 किलोमीटरचा स्क्रीनशॉट टाकतं आणि आपले दीड किलोमीटर बघून तोंड कडू होतं. त्यात कोणीतरी म्हणतं चल, साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला नाव टाकू, आणि दोन महिन्यांचा नवखा माणूस यवतेश्वरचा घाट चढत 21 किलोमीटर पळायची तयारी करायला लागतो. नका करू. ती शर्यत सुंदर आहे म्हणूनच नका करू, एक-दोन वर्षं पाय तयार करा आणि मग मजेत चढा.

बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. 2018 मध्ये त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचा, 37 वर्षं जुना राष्ट्रीय विक्रम मोडला तेव्हा वेळ होती साडेआठ मिनिटांच्या किंचित आत. 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो 8 मिनिटं 9.91 सेकंदात धावला. म्हणजे वीस सेकंद कमी करायला सहा वर्षं, आणि हे पळणं हेच ज्याचं काम आहे त्याचं. आपल्याला महिन्याभरात पेस, म्हणजे पळण्याचा वेग, सुधारला नाही म्हणून रडू येतं, तेव्हा हा हिशोब मांडून बघावा.

आणि एप्रिल-मेमध्ये किंवा मुंबई-कोकणच्या दमट हवेत पेस पडतोच, घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, हृदयाला जास्त काम पडतं. फिटनेस गेला असं समजू नका, त्या दिवसांत घड्याळ घरी ठेवून पाढ्यावर पळा.

वजनकाट्यावर सगळी आशा ठेवणं

70 किलोच्या माणसाचे 3 किलोमीटर पळून साधारण 200 कॅलरी खर्च होतात, एका वडापावात त्याहून जास्त भरतात. फक्त वजनासाठी पळणारे म्हणून लवकर निराश होतात. झोप कशी लागते, जिना चढताना काय होतं, संध्याकाळी चिडचिड कमी होते का, हे बघा, हे आधी बदलतं.

खाडा पडला की लाज वाटणं

सर्दी, पाहुणे, गणपती, ऑफिसची डेडलाइन, आठवडा जाणारच. एका आठवड्यानं फारसं काही बिघडत नाही, दोन-तीन आठवडे गेले तर थोडं मागून सुरू करायचं, बस.

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागे कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर बायको दुधाचे खाडे लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते. दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मी त्याच चौकोनात पेन्सिलीनं फक्त मिनिटं लिहायला लागलो, किती किलोमीटर नाही, पेस नाही, न थांबता किती मिनिटं पळालो तेवढंच. मार्चच्या पानावर 1, 1, 2 असे आकडे आहेत, मध्ये सलग नऊ दिवस कोरे आहेत कारण मुलगा तापानं आजारी होता, त्यानंतर परत 1. जूनच्या पानावर एका रविवारी, 'दूध 2 लि.' च्या खाली, 25 लिहिलंय. वर्ष संपल्यावर ती पानं रद्दीत निघाली होती, मी काढून कपाटात ठेवली.