कर्नलमध्ये टायमर नंतर, आधी ब्रेकपॉइंट चालवून घ्या

ठाणे, ऐरोली, घणसोलीकडची कॉलेजची पोरं स्वतःचं छोटं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतात आणि इंटरप्टपर्यंत (चालू काम थांबवून सीपीयूला दुसऱ्या कोडकडे वळवणारा इशारा) आली की थेट टायमर चालू करायला धावतात. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी ब्रेकपॉइंट करा, म्हणजे ठरवलेल्या जागी प्रोग्रॅम थांबवून कर्नलकडे नेणारा इंटरप्ट. टायमर कधीही कुठेही टपकतो, त्यामुळे रजिस्टर (सीपीयूच्या आतली आकडा ठेवायची जागा) बिघडलं तर नेमकं कुणामुळे ते कळत नाही. ब्रेकपॉइंट मात्र तुम्ही म्हणाल त्याच ओळीवर येतो आणि परतला की पुढच्याच इन्स्ट्रक्शनवरून काम सुरू व्हायला पाहिजे, म्हणजे जाण्या-येण्याचा अख्खा रस्ता तपासून होतो.

आपण ६४ बिट एक्स८६ धरू. मायक्रोप्रोसेसरच्या विषयात ८०८६ शिकला असाल तर इंट ३ आठवेल, तोच हा, नंबर अजून ३ च आहे.

आयडीटीत, म्हणजे कुठल्या नंबरच्या इंटरप्टला कुठला कोड चालवायचा त्या टेबलात, २५६ जागा असतात, त्यातल्या ० ते ३१ सीपीयूच्या एक्सेप्शनसाठी (सीपीयू स्वतःच उठवतो ते इंटरप्ट) राखीव. एक एंट्री १६ बाइटची, त्यात हँडलरचा, म्हणजे तेव्हा चालणाऱ्या कोडचा, पत्ता तीन तुकड्यांत भरायचा, कर्नलचा कोड सिलेक्टर (त्याचा कोड सेगमेंट दाखवणारा आकडा) टाकायचा आणि टाइपचा बाइट हेक्स ८ई. फक्त ३ नंबरला हेक्स ईई द्या, म्हणजे युजर प्रोग्रॅमलाही ब्रेकपॉइंट मारता येतो, नाहीतर तिथून १३ नंबरचा जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. एलआयडीटीला (हे टेबल सीपीयूला कळवणारी इन्स्ट्रक्शन) देताना लिमिट म्हणजे साइज वजा एक, पूर्ण टेबल असेल तर ४०९५.

आता खरं काम, असेंब्लीतला स्टब, म्हणजे सी मधल्या फंक्शनच्या आधी आणि नंतर चालणारा छोटा तुकडा. सीपीयू स्वतः स्टॅकवर पाच गोष्टी ठेवतो: एसएस, आरएसपी (स्टॅकची जागा), आरफ्लॅग्ज (सीपीयूच्या स्थितीचे बिट), सीएस, आरआयपी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता). काही एक्सेप्शन, उदाहरणार्थ ८, १३, १४, वर एरर कोडही ठेवतात, ब्रेकपॉइंट ठेवत नाही, म्हणून तिथे आपणच खोटा शून्य पुश करायचा की सगळ्यांची फ्रेम, म्हणजे स्टॅकवरची मांडणी, सारखी होते. मग नंबर पुश करा, मग उरलेली १५ रजिस्टरं, आणि मग सी मधलं फंक्शन कॉल करा. असे ८-८ बाइटचे २२ शब्द, १७६ बाइट होतात, १६ ने भाग जातो, त्यामुळे स्टॅक अलाइनमेंटची (स्टॅकचा पत्ता १६ च्या पटीत ठेवण्याची) कटकट राहत नाही. परतताना उलट्या क्रमाने पॉप, नंबर आणि एरर कोडचे १६ बाइट सोडून द्यायचे आणि आयरेटक्यू, म्हणजे इंटरप्टमधून परतायची इन्स्ट्रक्शन. कंपायलरला रेड झोन (स्टॅकच्या टोकाखालची, राखून न ठेवता वापरलेली जागा) बंद करायला सांगायला विसरू नका, नाहीतर इंटरप्ट आला की फंक्शनचे लोकल व्हेरिएबल गुपचूप पुसले जातात.

टेस्ट अशी करा: या १५ रजिस्टरांत ओळखीचे आकडे भरा, इंट ३ मारा, परत आल्यावर एकेक तपासा. मशीन सारखं रीबूट होत असेल तर तो ट्रिपल फॉल्ट (फॉल्ट हाताळताना पुन्हा फॉल्ट, त्यातही फॉल्ट), क्यूईएमयू (मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) नो-रीबूट देऊन चालवा आणि इंटरप्टचा लॉग चालू ठेवा, पहिला फॉल्ट कुठला ते तिथेच दिसतं.

हे जमलं की डिबगरचा (चुका शोधायच्या प्रोग्रॅमचा) ब्रेकपॉइंट. हव्या त्या पत्त्यावरचा पहिला बाइट जपून ठेवायचा आणि तिथे हेक्स सीसी, म्हणजे इंट ३ चा एक बाइटचा कोड, लिहायचा. कोडचं पेज रीड-ओन्ली असेल तर लिहितानाच पेज फॉल्ट येईल, आधी ते बघा. ट्रॅप आला की सेव्ह झालेला आरआयपी सीसीच्या पुढचा असतो, नेरूळला उतरायचं होतं आणि सीवूड्सला उतरलो तसं, म्हणून एक बाइट मागे यायलाच लागतं. मूळ बाइट परत ठेवा, आरआयपी एकने कमी करा आणि सेव्ह केलेल्या फ्लॅग्जमध्ये ट्रॅप फ्लॅग, म्हणजे एकेक इन्स्ट्रक्शननंतर थांबवणारा बिट ८, लावून परता. एक इन्स्ट्रक्शन झाली की १ नंबरचं डिबग एक्सेप्शन येतं, तिथे सीसी पुन्हा बसवायचा, ट्रॅप फ्लॅग काढायचा. हा टप्पा गाळला तर ब्रेकपॉइंट एकदाच लागतो, नंतर गायब.

आता टायमर घ्या. जुना ८२५९ पीआयसी (उपकरणांचे इंटरप्ट सीपीयूकडे पाठवणारी चिप) असेल तर आधी तो ३२ पासून पुढे रिमॅप करा, कारण मूळ सेटिंगमध्ये टायमर ८ नंबरवर येतो, जो डबल फॉल्टचा नंबर आहे, आणि तसाच दिसतो. रिमॅप झालं की हँडलरमधून पोर्ट हेक्स २० ला हेक्स २०, म्हणजे 'इंटरप्टचं काम झालं' हा निरोप, पाठवा, ते नाही पाठवलं तर टिक एकदाच येतो.