क्लिनिकची फी, बिलं आणि थकलेली बाकी: रिसेप्शनवर बसणाऱ्यांसाठी

पैसे बुडवायचे असं ठरवूनच येणारे पेशंट तसे थोडेच असतात. बाकीच्यांना किती द्यायचे, कधी द्यायचे हे कोणी नीट सांगितलेलंच नसतं. डॉक्टर म्हणतात रिसेप्शनला विचारा, रिसेप्शनवर म्हणतात थांबा डॉक्टरांना विचारून सांगते, आणि या सगळ्यात पेशंट "बरं मग नंतर देतो" म्हणून निघून जातो. म्हणून वसुलीचं बोलायच्या आधी टेबलावरचं बोलू.

पहिलं काम म्हणजे फीचा तक्ता. तपासणी, फेरतपासणी, ड्रेसिंग, इंजेक्शन, सर्टिफिकेट, बाहेरून आणलेले रिपोर्ट बघणं, फोनवरचा सल्ला, जे जे करता ते सगळं एका कागदावर, डॉक्टरांच्या सहीने, तारीख टाकून. आणि सगळ्यात जास्त वाद कशावरून होतो तर फेरतपासणीवरून. किती दिवसांच्या आत परत आलं तर फी नाही, आणि त्याच दिवसांत वेगळीच तक्रार घेऊन आला तर काय, हे लिहून ठेवा. नाहीतर एकाला सोडलं आणि दुसऱ्याकडून घेतले की दुसरा तिथेच, भरलेल्या वेटिंगमधे, आवाज चढवून विचारणार.

अपॉइंटमेंट द्यायला फोन उचलला की तेव्हाच फी सांगून टाकायची. बोलायची पद्धतही महत्त्वाची आहे बरं का. "आज पैसे देणार का?" असं विचारलं की समोरच्याला "आज नको" म्हणायची सोय होते, त्यापेक्षा "आजचे एवढे झाले, कॅश देताय की कार्ड?" असं सरळ विचारायचं. माझं मत विचाराल तर तपासणीची फी आत जायच्या आधीच घ्यावी, प्रोसिजरचे पैसे नंतर घेतले तरी चालतील पण अंदाज आधी द्यायचा, लेखी. त्यात काय धरलंय, काय धरलेलं नाही (औषधं, लॅब, बाहेरून येणारे डॉक्टर) आणि खर्च वाढायला लागला तर कळवणार कोणाला, हे तिन्ही हवं. खाली पेशंटची किंवा पैसे भरणाऱ्या नातेवाइकाची सही. इमर्जन्सीत मात्र आधी पेशंट, कागद नंतर, तिथे पैशाचा विषय दारात काढायचा नाही.

केस पेपर करताना माहिती अर्धवट घेतली की ती सहा महिन्यांनी नडते. दोन फोन नंबर, पत्ता, लहान मूल असेल तर बिल कोणाच्या नावावर, इन्शुरन्स असेल तर कार्डाचा पुढून मागून फोटो. जुन्या पेशंटलाही दर वेळी "नंबर तोच आहे ना?" विचारा. लोक नंबर बदलतात आणि आपल्याकडे जुनाच पडलेला असतो.

बिल वेगळं आणि पावती वेगळी, हे नवीन माणसाला पहिल्या दिवशीच शिकवा. बिल म्हणजे किती झाले, पावती म्हणजे किती मिळाले. दोन्हीला ओळीने नंबर हवा आणि चुकलेलं बिल फाडायचं किंवा डिलीट करायचं नाही, "रद्द" लिहून कारणासकट तसंच ठेवायचं. बिलात प्रत्येक गोष्ट वेगळी लिहा, "इतर खर्च" म्हणून एक मोठा आकडा टाकला की पेशंटला हमखास शंका येते, आणि त्याचं काही चूक नाही त्यात. अ‍ॅडव्हान्स घेतला तर तो जमेत कमाई म्हणून धरू नका, काम होईपर्यंत ते पेशंटचेच पैसे आहेत.

सवलतीचं काय करायचं? डॉक्टर आतून ओरडून सांगतात "यांच्याकडून घेऊ नको" आणि इथे कोणीतरी बिलच करत नाही. असं करू नका. बिल पूर्ण करायचं, मग सवलत म्हणून कमी करायची, चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि कारण. डॉक्टरांनी दिलेली सवलत, इन्शुरन्स कंपनीने कापलेली रक्कम आणि बुडीत म्हणून सोडलेले पैसे हे तीन वेगळे रकाने ठेवा, एकात घातले तर वर्षाच्या शेवटी पैसे नक्की कुठे गेले ते कोणालाच सांगता येत नाही.

रात्री बंद करताना तीन गोष्टी जुळवायच्या. गल्ल्यातली कॅश पावत्यांशी, कार्ड मशीन आणि ऑनलाइनचे पैसे त्यांच्या रिपोर्टशी, आणि तिसरी जी बरेच जण करतच नाहीत ती म्हणजे दिवसभरात आत गेलेल्या पेशंटची यादी बिलांशी. आत गेलेल्या प्रत्येकाचं बिल पाहिजे, फुकट बघितला असेल तरी शून्याचं. गळती आणि चोरी दोन्ही इथेच सापडतात. शक्य असेल तर कॅश घेणारा एक, सवलत नोंदवणारा दुसरा आणि बँकेशी जुळवणारा तिसरा असावा, छोट्या क्लिनिकमधे एवढी माणसं कुठून आणणार, मग निदान बँकेचं स्टेटमेंट डॉक्टरांनी स्वतः उघडावं. हा कोणावर अविश्वास नाही, उद्या आरोप झाला तर कॅशवर बसणाराच यामुळे वाचतो.

इन्शुरन्सचे क्लेम हे वेगळंच दुखणं. पॉलिसी चालू आहे का, पूर्वमंजुरी (उपचाराआधीच कंपनीचा होकार) लागते का, पेशंटचा स्वतःचा हिस्सा किती, हे उपचाराच्या आधी विचारायचं आणि तो हिस्सा त्याच दिवशी घ्यायचा. क्लेम परत येतात ते बहुतेक साध्या कारणांनी, नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नाही, पूर्वमंजुरी नाही, निदानाचा कोड आणि प्रोसिजरचा कोड (क्लेममधे आजार आणि उपचार लिहायच्या ठरावीक खुणा) एकमेकांना धरून नाहीत, मुदत संपल्यावर पाठवला. नाकारलेल्या क्लेमची एक वही करा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा, महिन्याभरात दिसेल की दोनतीन कारणंच पुन्हा पुन्हा येतायत. आणि पैसे आले म्हणून खूश व्हायचं नाही, ठरलेल्या दराने आलेत का ते बघा, कमी येतात आणि कोणी बघत नाही.

आता थकबाकी. दर आठवड्याला यादी काढायची, ० ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि ९० च्या पुढची. बाकी जितकी जुनी तितकी मिळायची आशा कमी, म्हणून फोनची सुरुवात पहिल्या महिन्यातच करा. वसुलीची एकूण तब्येत बघायला सोपा हिशोब आहे, एकूण थकबाकी भागिले रोजचं सरासरी बिलिंग. थकबाकी ६,००,००० आणि रोजचं बिलिंग १५,००० असेल तर ४० दिवसांचं काम उधारीवर आहे. हा आकडा महिन्यामागून महिना वाढत असेल तर कुठेतरी ढिलाई आहे.

फोन लावायच्या आधी बिल बरोबर आहे ना, पैसे येऊन नोंदवायचे राहिले नाहीत ना, हे बघा, कारण भरलेल्या पैशासाठी फोन गेला की तो पेशंट कायमचा गेला. मग फोनवर आधी खात्री करायची की तोच माणूस बोलतोय. घरातल्या दुसऱ्या कोणी उचलला तर फक्त आपलं नाव आणि "फोन करायला सांगा", आजाराचं, बिलाचं अक्षरही नाही. पाकिटावर, मेसेजमधेही तेच. पुढचं बोलणं साधारण असं:

"नमस्कार, डॉक्टरांच्या क्लिनिकमधून बोलतेय. तुमच्या मागच्या भेटीचे थोडे पैसे राहिलेत, बिल मिळालं होतं ना तुम्हाला? … बरं, मग कधीपर्यंत जमेल?"

आणि गप्प बसायचं. त्यांनाच तारीख सांगू द्या. तारीख, रक्कम, कोण बोललं ते लगेच लिहा आणि त्या तारखेला खरंच फोन करा, नाही केलात तर त्यांना कळतं की इथे कोणी मागे लागत नाही. अडचण खरी वाटली तर हप्ते करून द्या, लेखी, रक्कम आणि तारखा ठरवून, एखादा चुकला तर काय तेही. धमकी, टोमणे, रात्री अपरात्री फोन, कामाच्या ठिकाणी जाऊन उभं राहणं, हे अजिबात नाही, बऱ्याच ठिकाणी ते कायद्यातही बसत नाही.

पेशंट म्हणाला "उपचारच चुकले, कशाचे पैसे?" तर तो फोन तिथेच थांबवा आणि डॉक्टरांकडे द्या. वसुलीचा माणूस त्यात बोलला की प्रकरण बिघडतं. पेशंट दगावला असेल तर त्या घरी नेहमीचे फोन आपोआप जाणार नाहीत अशी खूण फाइलवर त्याच दिवशी करा.

९० दिवसांनंतरही काही नाही, तर शेवटचं पत्र, तारखेसकट. त्यानंतर सोडून द्यायचं, वसुली करणाऱ्या एजन्सीला द्यायचं की कोर्टात जायचं हे प्रत्येक नावापुढे डॉक्टरांनी स्वतः सही करून ठरवावं, सरसकट नाही. एजन्सी आपला वाटा कापून घेते, आणि ती ज्या भाषेत बोलेल ती तुमच्या नावाने बोलेल. तिला नाव, संपर्क, रक्कम आणि तारखा एवढंच द्या, निदान नाही. व्याज लावता येतं का, किती वर्षांपर्यंत दावा करता येतो, बाकी आहे म्हणून रिपोर्ट अडवता येतात का, हे देशोदेशी वेगळं आहे, वकिलाला एकदा विचारून घ्या. वसुलीच्या खर्चापेक्षा छोटी बाकी असेल तर एक मर्यादा ठरवा आणि त्याखालची सोडा, दोन पत्रं पाठवण्यात त्याहून जास्त जातात.

आणि उलटी यादीही काढत जा, ज्यांचे आपल्याकडे जास्त आलेत त्यांची. अ‍ॅडव्हान्स उरलेला, इन्शुरन्स आणि पेशंट दोघांनीही भरलेलं. ते आधी कोणाचे ते तपासायचं, पेशंटचे की कंपनीचे, आणि मागायची वाट न बघता पावतीसकट परत करायचे.