कुटुंबासोबत पहिल्यांदाच शहर बघायला जाताय? हॉटेल आधी शोधू नका

आधी बघायची ठिकाणं मोबाइलच्या नकाशावर सेव्ह करा. बहुतेक खुणा शहराच्या एकाच भागात गर्दी करतात. मुक्काम त्या भागात किंवा तिथे गाडी न बदलता नेणाऱ्या मेट्रो-बसच्या मार्गावर घ्या. शहराबाहेरची खोली स्वस्त दिसते खरी, पण चार-पाच जणांचं रोजचं जाण्या-येण्याचं भाडं आणि वेळ धरला की बचत कुठल्या कुठे जाते. शिवाय लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील, तर दुपारी तासभर खोलीवर येऊन पाठ टेकता आली पाहिजे. माझ्या मते हा एकच मुद्दा बाकी सगळ्या सोयींवर भारी आहे.

‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ या जाहिरातीवर विसंबू नका. नकाशात स्टेशन ते हॉटेल असा पायी रस्ता टाकून बघा. मध्ये उड्डाणपूल किंवा रेल्वेचे रूळ आडवे आले की पाचाची पंधरा होतात. रस्त्याचे फोटोही बघून घ्या. बॅगा ओढत चालायला फूटपाथ आहे का? रात्री दुकानं उघडी असतील असा भाग वाटतो का?

रिव्ह्यू वाचताना सरासरी तारे सोडा, अलीकडच्या तक्रारी वाचा. नाश्ता बेचव असेल तर चालेल. रात्रभर आवाज, बंद लिफ्ट, गरम पाण्याची बोंब असेल तर पुढचं हॉटेल बघा. जादा गादी मिळेल का आणि चेक-आउटनंतर सामान ठेवता येईल का, हे फोन करूनच विचारा.