कॅम्पर व्हॅनच्या दुसऱ्या बॅटरीला सोलर जोडताना

सोलरची जोडणी व्हॅनमधले दिवे, पंखे वगैरे चालवणाऱ्या दुसऱ्या बॅटरीला करा, इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर बॅटरीला नाही. २०० वॅटच्या १२ व्होल्ट पॅनेलला २० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा डबा) पुरतो. कंट्रोलर ते बॅटरी ६ चौरस मिमी तांब्याची वायर टाका; लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि बॅटरी अर्धवट चार्ज होते. पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या अगदी जवळ, २५ अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर घासून बॉडीला टेकली तर आग रोखणारा तोच.

आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरीविना पॅनेल जोडलं तर कंट्रोलर सिस्टिम व्होल्टेज (बॅटरी १२ व्होल्टची की २४ ची) चुकीचं धरू शकतो, काही तर जळतातही.

दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज-सेन्सिंग रिले (व्होल्टेज बघून दोन्ही बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) असेल तर तो साधारण १३.३ व्होल्टला जोडतो, १२.८ ला तोडतो. लिथियम बॅटरी मात्र नुसती पडून असतानाही १३.३ च्या आसपास राहते, त्यामुळे रिले नीट सुटतच नाही. तिथे रिलेऐवजी डीसी-डीसी चार्जरच (स्टार्टरच्या बाजूची वीज घेऊन दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजला चार्ज करणारा) लावा.